मोठ्या जलाशयातील मासेमारीचे हंगामवार नियोजन

मोहोळ तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. तथापि येथील मच्छीमारांना पाण्याची वाण नाही. तालुक्यातच आष्टीचा जुना तलाव आहे, आणि पुण्याच्या रस्त्याने टेंभुर्णी ओलांडली की भीमा नदीवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. एवढ्या पाण्यात केव्हाही होडी लोटावी व हाती लागेल तो मासा धरावा, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु अशा मासेमारीने दोन-तीन वर्षांतच जाळी हलकी येऊ लागतात. म्हणून वर्षभरातील फेऱ्यांची आखणी माशाच्या जीवनक्रमास अनुसरून करणे अगत्याचे आहे.

माशांच्या जाती व त्यांची वीण

आपल्या जलाशयातील मुख्य मासे म्हणजे कटला, रोहू व मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. कोणत्या खोलीवर जाळे लावावे, हे यावरून ठरते. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील थंड प्रवाहांत राहणारा ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो; आपले हे तिन्ही मासे मात्र पावसाळ्यात, नव्या वाहत्या पाण्यात वितात. त्यामुळे एका प्रदेशातील मासेमारीचे वेळापत्रक दुसऱ्या प्रदेशास लागू पडत नाही.

चिलापीची गोष्ट निराळी आहे. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो व झपाट्याने वाढतो. कटला-रोहूची संख्या घटली की त्यांची जागा तो व्यापतो.

पावसाळा : विसाव्याचा काळ

जून ते ऑगस्ट या महिन्यांत मोठ्या माशांना हात लावू नये. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मोहोळात बराचसा पाऊस सप्टेंबरच्या सुमारास पडतो. उजनीत मात्र सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पाणी त्याआधीच येऊ लागते. आपल्या शिवारात आभाळ कोरडे असले, तरी जलाशयाच्या वरच्या अंगास विणीचा हंगाम सुरू झालेला असतो. नव्या पाण्याच्या दिशेने चढणारी अंड्यांनी भरलेली मादी सहज जाळ्यात सापडते. पण तिच्या एका किलो वजनामागे लाखाहून अधिक अंडी असतात. ती एक मादी बाजारात नेणे म्हणजे बियाण्याची कणगी दळून खाणे होय. हे दिवस जाळी विणण्यात, होडीची डागडुजी करण्यात व डांबर लावण्यात घालवावेत.

हिवाळा : मुख्य हंगाम

पाणी निवळले, की ऑक्टोबरपासून नियमित फेऱ्या सुरू कराव्यात. संध्याकाळी जाळे लावून पहाटे काढावे, म्हणजे मासळी ताजी राहते व सकाळच्या बाजारात पोचते. थंडी वाढल्यावर मासे कमी चरतात व खोल पाण्याकडे सरकतात. त्या दिवसांत उथळ काठ सोडून जाळे खोलवर न्यावे.

जाळ्याचा आस मोठा असावा. बारीक आसाच्या जाळ्यात नुकतीच सोडलेली बोटुकलीही अडकते. साधा हिशेब पाहा. प्रत्येकी १०० ग्रॅमचे दहा मासे धरल्यास एक किलो मासळी मिळते. तेच मासे वर्षभर राखले, त्यांतील निम्मेच जगले व प्रत्येकी पाऊण किलोचे झाले असे धरले, तरी पावणेचार किलो मासळी हाती येते. शिवाय मोठ्या माशास दरही चांगला मिळतो.

उन्हाळा : संयमाचा काळ

उजनीतील एकूण साठ्यापैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट पाणी ‘मृत साठा’ म्हणून ओळखले जाते. कालव्यांच्या दृष्टीने ते मृत असले, तरी माशांचे जीवन त्यावरच अवलंबून असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की मासे नदीच्या जुन्या पात्रातील डोहांत एकवटतात व थोड्या श्रमात भरपूर मिळतात. हेच मासे जूनमध्ये विणार असतात. म्हणून एप्रिलपासून फेऱ्या कमी कराव्यात, डोहांना जाळ्यांचा वेढा घालू नये व शक्य तितका भर चिलापीवर ठेवावा.

उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याचेही भय असते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्याने उजनीत उलटली व सहा जणांना प्राणास मुकावे लागले. विस्तीर्ण पाण्यावर लाटा पाहता पाहता उठतात. काठ जवळ दिसला, तरी तो गाठता येतोच असे नाही. याकरिता मे महिन्यात होडी पहाटे लोटावी व दुपारपूर्वी काठास लावावी. संध्याकाळी जाळे लावण्याचा हिवाळ्यातील क्रम या दिवसांत बंद ठेवावा. प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट असावे, आणि पश्चिमेस ढग दाटल्यास जाळे पाण्यात सोडून परत फिरावे.

इतर सूचना

पाण्यात विष कालवून अथवा सुरुंग उडवून मासे मारणे कायद्यान्वये गुन्हा आहे. जलाशयात उतरण्यापूर्वी मासेमारीचा हक्क व परवाना यांविषयी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, पाण्याची पातळी, माशांची जात व वजन यांची नोंद एका वहीत ठेवावी. दोन वर्षांच्या अशा नोंदींवरून कोणत्या महिन्यात कोठे जावे आणि कोणत्या महिन्यात घरी राहावे, हे मच्छीमार बंधूंना स्वतःच ठरविता येईल.