कोंबड्यांच्या पायाखालची गादी

शिंदखेडा तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात. थोड्या चुलीला लागतात, उरलेल्या पुष्कळदा शेतातच पेटवल्या जातात. त्याच पऱ्हाटीचे बोटभर तुकडे करून परसातल्या कोंबड्यांच्या आवारात जाड पसरले, तर पावसाळ्यातला चिखल, वास आणि रोगराई या तिन्हींवर चांगला उतारा मिळतो. फक्त या गादीची निगा राखावी लागते, आणि तिच्या पोटात काय चालते हे ठाऊक असावे लागते.

तापीकाठची जमीन काळी, चिकट. पाऊस तसा बेताचाच. पण दिवसभर मोकळी हिंडणारी कोंबडी वेगळी आणि कुत्र्या-मुंगसांच्या भीतीने जाळीत ठेवलेली वेगळी. दहा-बारा कोंबड्या एकाच जागी उकरत राहिल्या की गवताचे पातेही उरत नाही. मग दोन सरी पडल्या तरी आवाराचा राडा होतो.

कोंबडीच्या विष्ठेवर पांढरा थर दिसतो, तेच तिचे मूत्र. पक्षी शरीरातले नको असलेले नत्र युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. कोरड्या जागी हे आम्ल बराच काळ तसेच राहते. ओल लागली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग झाले तरी पक्ष्यांचे डोळे चुरचुरू लागतात, श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि श्वसनाच्या रोगांना वाट मोकळी होते. उभ्या माणसाला हा वास उशिरा कळतो, कारण कोंबडीचे नाक जमिनीपासून वीत-दीड वीतच उंच असते. म्हणून खुराड्यात वाकून, तिच्या उंचीवरून वास घ्यावा.

यावरचा उपाय म्हणजे कर्ब. विष्ठेत नत्राच्या एका भागामागे कर्बाचे जेमतेम सात ते दहा भाग असतात. लाकडाच्या भुशात ते काहीशे भरतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० भाग मानवतात. तेवढा कर्ब आणि खेळती हवा मिळाली की ते नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात, आणि ते वास होऊन उडून जात नाही.

या पद्धतीचा नेटाने अभ्यास झाला तो अमेरिकेतल्या ओहायो कृषी प्रयोग केंद्रात. १९४० च्या दशकात डी. सी. केनार्ड आणि व्ही. डी. चेंबरलिन यांनी जुनी गादी न काढता तिच्यावरच नवे थर देत कोंबड्या वाढवल्या. मांस-मासळीची भर नसलेल्या खाद्यावरही त्या चांगल्या राहिल्या. गादी उकरताना त्यांच्या पोटात असे काही जात होते, जे खाद्यात नव्हते. १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात यश आले आणि या कोड्याचा मोठा भाग सुटला: गादीतले जिवाणू हे जीवनसत्त्व तयार करतात.

गादी ठीक आहे की नाही, हे मुठीत कळते. वरचा थर बाजूला सारून आतली मूठभर गादी घट्ट दाबावी. मूठ उघडल्यावर ती हलकेच विस्कटली तर उत्तम. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त; नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. ओलाव्याचे प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असावे. पाण्याच्या भांड्याभोवती मात्र बहुधा काळपट, कडक पापुद्रा धरलेला आढळतो. तो रोजच्या रोज फोडावा, भिजलेला भाग काढून कोरडा माल टाकावा. बाकीचे खाली-वर करण्याचे काम कोंबड्याच करतात. संध्याकाळी दाण्याची मूठ गादीवर फेकली की त्या कोपरा न् कोपरा उकरतात. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा फावड्याचा हात फिरवावा.

छपराखाली भाताचे तूस, भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा चालतो. चार-सहा इंचांपासून सुरुवात करून हळूहळू आठ-बारा इंचांपर्यंत जावे. उघड्या आवारात बारीक भुसा पाण्याने बसतो आणि सडतो. तिथे पऱ्हाटीचे तुकडे, टरफले, कडुनिंबाचा वाळला पाला असा भरड मालच हवा, आणि खाली मुरूम टाकून उतार काढलेला हवा. बुरशी धरलेली टरफले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. बुरशीचे बीजाणू पिल्लांच्या फुप्फुसात रोग करतात.

वास आला की चुना भुरभुरण्याची सवय घरोघरी आहे. चुन्याने गादीचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि अडकलेला अमोनिया उलट जोराने बाहेर पडतो. चुना रिकाम्या जमिनीसाठी ठेवावा. कोंबड्या आत असताना सुपर फॉस्फेट माफक मिसळणे बरे, ते अमोनिया बांधून ठेवते.

रक्ती हगवणीचे परजीवीही ओलीवरच पोसतात. विष्ठेतून पडलेल्या त्यांच्या बीजपेशी ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवण्यालायक होतात. कोरड्या गादीत बऱ्याच तशाच मरतात.

मुरलेल्या गादीत नत्र सुमारे तीन टक्के असते, शेणखतात अर्धा टक्क्याच्या आसपास. ताजी टाकली तर रोपे करपतात, म्हणून ढीग लावून कुजू द्यावी. काढताना थोडी जुनी मागे ठेवावी. नव्या मालाला तिचे विरजण लागते.

बर्ड फ्लूची शंका आली तर मात्र काहीच मागे ठेवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांमध्ये सापडला, आणि २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा आला. हा विषाणू विष्ठेत, विशेषतः थंड आणि ओल्या जागी, कित्येक दिवस तग धरतो. कोंबड्या एकाएकी आणि एकापाठोपाठ दगावू लागल्या, तर गादीला हात न लावता, ती शेतात वा उकिरड्यावर न टाकता, आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.