रमजानचा सीझन आणि इन्सुलिनचा हिशेब

रमजान म्हणजे आपल्या कापड धंद्याचा मोठा सीझन. शबे-बरातपूर्वीच सुरत-भिवंडीचा माल दुकानात लागलेला असतो. पण इन्सुलिन घेणारे आपले कित्येक व्यापारी बंधू डोसचा विचार पहिल्या सहरीला करतात. मधुमेहतज्ज्ञ तर सांगतात की, सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा.

मी स्वतः पहिल्या वर्षी कोणालाही न विचारता सकाळचा पूर्ण डोस सहरीला घेतला. असरच्या सुमारास थान उलगडताना हात थरथरू लागले, घाम फुटला, बिलाची बेरीज जमेना. रोजा राखायचा म्हणून तसाच बसून राहिलो. शेवटी मुलाने जबरदस्तीने सरबत पाजले. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, हे मला नंतर कळले.

मिश्र इन्सुलिन दोन वेळा घेणाऱ्यांना साधारणपणे सकाळचा डोस इफ्तारला आणि संध्याकाळचा डोस पाव ते निम्म्याने घटवून सहरीला देतात. आकडा मात्र डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा, शेजारच्या दुकानदाराचा उसना घेऊ नये. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, इन्सुलिनच्या इंजेक्शननेही नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. ज्यांना डॉक्टरांनी रोजाच मना केला, त्यांच्यासाठी सूरह बकराच्या आयत 184 व 185 मध्ये सवलत आहे.

आता मापाची गोष्ट. गजाची पट्टी लावून मीटरचा भाव घेणारा आपल्याला लगेच ओळखू येतो. सिरिंजबाबत मात्र आपण फसतो. आपल्याकडे 40 युनिटची बाटली मिळते आणि 100 युनिटचीही. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 100 वाल्या बाटलीतून 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर अंगात 50 युनिट जातात! उलट अदलाबदल झाली तर 20 ऐवजी फक्त 8. म्हणून सिरिंज घेताना बाटली सोबत न्या व दोन्हींवरचा आकडा जुळवा.

माल आणायला निघाल्यावर बाटली गाडीच्या डिकीत टाकू नका, उन्हाने औषध बिघडते. आणि सीझनच्या गर्दीत गल्ल्याजवळ साखरेची पुडी असू द्या.