कुत्र्याचा दात आणि आपली पांथरी

घरचा कुत्रा खेळता खेळता हाताला दात लावतो. रक्ताचा एखादा थेंब दिसतो. "आपलाच मोती तो, काय व्हायचे आहे!" असे म्हणून तुम्ही ती जखम विसरून जाता. पण विसरू नका!

अशा वेळी रेबीजची आठवण व्हायलाच हवी. पण कुत्र्यामांजरांच्या लाळेत जीवाणूही असतात. त्यांतल्या एकाचे नाव कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस. लॅटिन भाषेत 'कॅनिस' म्हणजे कुत्रा आणि 'मॉर्सस' म्हणजे चावा. त्याच्यामुळे झालेल्या आजाराची पहिली नोंद १९७६ साली अमेरिकेत झाली. नाव मात्र त्याला १९८९ साली मिळाले. कुत्र्याच्या तोंडात तो निमूटपणे राहतो. धडधाकट माणसालाही तो क्वचितच बाधतो. मग तो गाठतो कोणाला? मुख्यतः ज्यांची पांथरी काम करीत नाही, त्यांना!

पांथरी म्हणजे प्लीहा. ती पोटात डाव्या बरगड्यांखाली असते. ही रक्ताची गाळणीच म्हणा ना! रक्तात शिरलेले जीवाणू ती टिपून घेते. ती नसली तर जीवाणू रक्तात भराभर वाढतात, रक्तदाब घसरतो आणि एकदोन दिवसांत जिवावर बेतू शकते.

आता गोंदिया जिल्ह्याकडे वळू. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व पांथरीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे पांथरी दुबळी होत जाते. वाहकांना सहसा हा धोका नसतो. पण देवरी किंवा सालेकशाच्या एखाद्या गावातल्या सिकलसेलच्या रुग्णाला कुत्रा चावला, तर जखम लहान असली तरी धोका लहान नसतो.

मग काय करावे? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि सिकलसेल असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा जीवाणू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो. तो दिसायला कित्येक दिवस लागतात. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर तपासणीची वाट न पाहता प्रतिजैविक देतात. नंतर थंडीताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

मोतीला घराबाहेर काढायचे कारण नाही. त्याला लस टोचून घ्या, म्हणजे झाले. आणि हो, तुमचा रक्तगट तुम्हाला ठाऊक असेल. पण सिकलसेलची तपासणी केली आहे का?