पहिलीचं पहिलं सत्र : दिवाळीआधी वर्गात नेमकं काय चालतं?

‘दिवाळीपर्यंत काही खरं नसतं, पहिलीचा अभ्यास खरा सुरू होतो तो दिवाळीनंतर.’ नगर जिल्ह्यात हे वाक्य पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही ऐकायला मिळतं. (जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला, बोलण्यात अजून नगरच आहे.) २०२५-२६ मध्ये शाळा १६ जूनला उघडल्या आणि पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. त्यामुळे जुन्या समजुतींत नव्यांची भर पडली. त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी आहेत. पण पहिलं सत्र म्हणजे नुसती मुलं रमवण्याचा काळ, ही समजूत या जिल्ह्यात तरी महागात पडते.

कारण साधं आहे. पहिलं सत्र दिवाळीला संपतं आणि त्याच सुमाराला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात येतो आणि आई-बापाबरोबर पहिलीतलं पोरही उसाच्या फडावर जातं. ते परततं उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे त्याच्या वाट्याला वर्षातलं एकच सत्र सलग येतं, आणि तेच आपण ‘काही खरं नसतं’ म्हणून सोडून देतो. यातली विसंगती अशी की यातल्या कित्येक टोळ्या जिल्ह्याबाहेर जातही नाहीत. कोरडवाहू पूर्व-दक्षिण भागातून निघून त्या याच जिल्ह्याच्या पाटपाण्याच्या उत्तर भागात उतरतात. सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० मध्ये घातला गेला ते प्रवरानगर तिथलंच.

‘गाव सोडलं की शाळेतलं नाव कटतं’ हा याला जोडूनच असलेला गैरसमज. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला ताबडतोब द्यायचा ही मुख्याध्यापकांची जबाबदारी आहे आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे. मूल काय शिकलं, कुठपर्यंत आलं, याची नोंद त्यात असते. ते पत्रक कारखान्याजवळच्या शाळेत दाखवायचं आणि मुलाला वर्गात बसवायचं. शिवाय आजी-आजोबांकडे मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ही सोय सगळीकडे सारखी पोचते असं कोणी म्हणणार नाही. पण टोळी हलण्याच्या आठवडाभर आधी शाळेत जाऊन ‘आम्ही निघतोय’ एवढं सांगितलं, तरी बरंच काही सुरळीत होतं.

आता वर्गात येऊ. जुलैच्या मध्याला पहिलीच्या खोलीत डोकावलं तर फरशीवर खडूने काढलेल्या आडव्या-उभ्या रेघा दिसतात. एका कोपऱ्यात चार पोरं चिंचोके आणि खडे वेगळे करत बसलेली असतात, कोणी दोऱ्यात मणी ओवत असतं आणि बाई हातवारे करून बडबडगीत म्हणत असतात. दारातून हे पाहणारे वडील कपाळाला हात लावतात : ‘हे तर अंगणवाडीतच झालं की!’ त्यांची वहीची अपेक्षा असते; पानभर अ, पानभर आ.

वर्गात चाललेलं असतं ते ‘विद्याप्रवेश’. एनसीईआरटीने २०२१ मध्ये आणलेला बारा आठवड्यांचा शाळातयारीचा हा कार्यक्रम आहे, म्हणजे पहिल्या सत्राचा मोठा भाग त्यातच जातो. राज्यात पहिलीचं वय ठरवताना ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असणं पाहिलं जातं, त्यामुळे जूनमध्ये वर्गात बसलेली काही मुलं साडेपाच वर्षांचीच असतात. बोटांचे स्नायू अजून पेन्सिलला सरावलेले नसतात. मणी ओवताना अंगठा आणि तर्जनी जशी जुळतात, तशीच ती पेन्सिल धरताना जुळावी लागतात. फरशीवरची आडवी रेघ उद्याची शिरोरेषा असते आणि उभी रेघ उद्याचा काना. चिंचोके-खडे वेगळे करणाऱ्या पोराला वर्गीकरण जमू लागतं आणि तिथूनच गणित सुरू होतं. हे सगळं वगळून जूनपासूनच वही भरून घेतली तर मूल लिहायला लागतं हे खरं, पण मुठीत पेन्सिल आवळून. पुढे वर्षानुवर्षं ती सवय सुटत नाही.

त्यानंतरची तक्रार अक्षरांच्या क्रमाची. ‘आमच्या वेळी अ आ इ ई पाठ झाल्याशिवाय पुढे जात नसत; आता भलतीच अक्षरं आधी घेतात.’ घेतात, आणि बरोबर घेतात. वर्णमालेचा क्रम ही मोठी देखणी रचना आहे. क वर्ग कंठातून निघतो, प वर्ग ओठांवर येतो, उच्चाराच्या जागेप्रमाणे सगळं लावलेलं आहे. पण ती मांडणी वर्णांचा अभ्यास करणाऱ्याच्या सोयीची आहे, पहिल्यांदा वाचायला बसलेल्या पोराच्या नाही. क्रमाने गेलं तर ङ आणि ञ ही अक्षरं लवकर येतात, आणि ञ ने सुरू होणारा शब्द अंकलिपीवाल्यांनाही सापडत नाही. त्याऐवजी क, म, ल अशी तीन अक्षरं आणि काना एवढंच घेतलं तर? कमल, काम, माल, कमाल, कला, काका, मामा, लाल. आठवडाभरात मूल शब्द वाचू लागतं आणि वाचता येतं म्हटल्यावर त्याला आणखी वाचावंसं वाटतं. गटागटाने शिकवण्यामागचा हेतू हा. वर्णमाला कुठे जात नाही, ती क्रमाने नंतर येतेच. उलट ती वाढली आहे : २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर अधिकृतपणे आत घेतले, त्यामुळे घरच्या जुन्या बाराखडीच्या जागी शाळेत चौदाखडी आहे. पोराने ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ बरोबर लिहिलं तर आजोबांनी खोडू नये.

क्रमापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती घरच्या बोलीची. ‘शाळेत गेल्यावर शुद्ध बोलायला पाहिजे’ हा गैरसमज पालकांत आहेच, काही शिक्षकांतही आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरात महादेव कोळी, ठाकर घरांतून येणाऱ्या पोराची भाषा वेगळी, तांड्यावरून येणाऱ्याच्या घरी गोरमाटी, नगर शहरात एखाद्याच्या घरी उर्दू. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा स्पष्ट सांगतो की सुरुवात मुलाच्या घरच्या भाषेपासून करायची. पहिल्या सत्रात मुलाने वर्गात तोंड उघडणं हीच मोठी कमाई. पहिल्याच आठवड्यात त्याचं वाक्य सुधारलं की पुढचा महिनाभर ते दुसरं वाक्य बोलत नाही.

गणितात मोठा भ्रम शंभरपर्यंतच्या पाठांतराचा. ‘आमचा बाळू शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो.’ म्हणत असेल. त्याच्यासमोर मूठभर चिंचोके ठेवा आणि सात मागा. चिंचोक्यावर बोट ठेवण्याआधीच तोंड पुढे धावलं, किंवा एकच चिंचोका दोनदा मोजला गेला, तर त्याला म्हणता येतं, मोजता येत नाही. पहिल्या सत्रात भर असतो तो इथे : एका वस्तूला एक आकडा, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, शून्य म्हणजे काही नाही. मग दहा काड्यांना रबर लावून केलेला गठ्ठा येतो. दोन गठ्ठे आणि तीन सुट्या म्हणजे तेवीस, हे हाताला कळलं की २३ मधला २ हा दोन नसून वीस आहे हे निराळं शिकवावं लागत नाही. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने पहिलीच्या अखेरचं उद्दिष्ट ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि साधी बेरीज-वजाबाकी असं ठेवलं आहे, आणि तेही वर्षअखेरचं, दिवाळीचं नव्हे.

इथेच ‘वीस एक’चा जुना वाद डोकं वर काढतो. ‘सरकारने एकवीस, बावीस बंद केलं’ असं आजही सांगितलं जातं. झालं होतं ते असं. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ ते ९९ या संख्यांच्या वाचनाची एक जादा रीत दिली गेली : वीस एक, वीस दोन.  जादा, बदली नव्हे. रूढ नावं पुस्तकात होतीच. विधिमंडळात त्यावरून टिंगलटवाळी झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार वारंवार समजावून सांगितला, तो फारसा कोणी ऐकून घेतला नाही. विचार असा : मराठीत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र ५ आधी. म्हणून बावन्न सांगितलं की काही मुलं २५ लिहितात. ‘एकोणपन्नास’ तर आणखी अवघड, कानावर पन्नास पडतं आणि पाटीवर ४ लिहायचा असतो. अडलेल्या पोराला ‘पन्नास दोन’ची काठी काही दिवस हाताशी दिली तर मराठीचं काही बिघडत नाही, असं माझं मत आहे. रूढ नावं यायलाच हवीत, आणि ती घरात बाजाराचा हिशेब मुलांसमोर मोठ्याने केला की येतात.

भाषांबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ‘पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली’ असं अजूनही अनेकांना वाटतं. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात तशी तरतूद होती. १७ जूनच्या सुधारित निर्णयात सक्तीचा शब्द गेला, पण ‘सर्वसाधारणपणे हिंदी’ राहिली. विरोध वाढला आणि २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय मागे घेत असल्याचं जाहीर केलं, विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे गेला. म्हणजे मराठी माध्यमाच्या पहिलीत २०२५-२६ च्या पहिल्या सत्रात मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा होत्या.

‘झेडपीच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून’ हा गैरसमज तर पंचवीस वर्षं शिळा आहे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिल्या सत्रात ती कानाने आणि तोंडाने शिकायची असते : गाणी, सूचना, ओळखीच्या वस्तूंची नावं. मराठी शाळेत इंग्रजी नसतेच या समजापायी गावातली शाळा सोडून पिवळ्या व्हॅनमध्ये पोरगं घालणाऱ्या पालकांना हे कोणी सांगितलेलं नसतं. व्हॅनमध्ये घालायला दुसरी कारणं असू शकतात. हे कारण नाही.

‘सीबीएसई पॅटर्न आला, आता बालभारती बंद’ हेही खरं नाही. शब्द मंत्र्यांच्या तोंडून आला, बातम्यांनी तो उचलला. पहिलीचा अभ्यासक्रम राष्ट्रीय आराखड्याच्या धर्तीवर बेतला आहे, पण तो राज्याचा आहे आणि पुस्तकं १९६७ पासून पुण्यात काम करणारी बालभारतीच काढते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती फुकट मिळतात. परिसर अभ्यास पहिलीला वेगळा विषय म्हणून नसतो, तो तिसरीपासून. आपल्या जिल्ह्याचे चौदा तालुके आणि १,६४६ मीटरचं कळसूबाई तेव्हा येईल. पहिलीतलं पोर आधी आपली गल्ली, ओढा आणि शाळेची वाट ओळखू दे.

शेवटी परीक्षेचं. ‘परीक्षाच नाही, सगळे पास, मग शिकायचं कशाला?’ यातला ‘सगळे पास’ एवढा भाग आता अर्धाच खरा उरला आहे. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात. पहिलीला हे लागू नाही. पण पहिलीला मूल्यमापनच नाही, हे साफ चूक. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० गुण आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ३० गुण आहेत. आकारिक म्हणजे रोज चालणारं : निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. म्हणजे दिवाळीआधी जो लहानसा पेपर होतो, तो शंभरातले तीसच गुण ठरवतो. बाकी सत्तर जूनपासून वर्गात जमा होत आलेले असतात. गैरहजर राहणाऱ्या मुलाचं नुकसान तिथेच होतं.

त्यामुळे प्रगतिपुस्तक हातात आल्यावर श्रेणीवर नजर टाकून सही करून देऊ नये. शेजारी वर्णनात्मक नोंदींचा रकाना असतो, तो वाचावा. ‘वाचनात प्रगती समाधानकारक’ ही नोंद काहीच सांगत नाही. ‘काना असलेले शब्द वाचतो, वेलांटीपाशी अडतो; वीसपर्यंत वस्तू मोजतो, गठ्ठा सोडवताना गोंधळतो’ अशी नोंद असेल तर सुट्टीत काय करून घ्यायचं ते आजीलाही कळतं, आणि फडावर निघालेलं मूल असेल तर तिकडच्या शाळेतल्या गुरुजींनाही. अशी नोंद नसेल तर बाईंना विचारावी. त्यांच्या निरीक्षण वहीत ती असायला हवी.