छायाचित्रातला स्टीलहेड आणि वजनाचा दावा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या नद्यांत गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मासेमारांमध्ये स्टीलहेडइतका मान फार थोड्या माशांना मिळतो. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउट या माशाचेच समुद्रात जाऊन येणारे रूप. तो नदीत जन्मतो, बहुधा एक ते तीन वर्षे तेथेच वाढतो, मग पॅसिफिक महासागरात उतरतो आणि मोठा होऊन अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. परतणाऱ्या माशाचे वजन सर्वसाधारणपणे आठ ते अकरा पौंड, म्हणजे साडेतीन ते पाच किलो असते. वीस पौंडांचा मासा अनेकांना आयुष्यभर मिळत नाही, आणि ब्रिटिश कोलंबियातील किस्पिऑक्स नदीत 1962 साली कृत्रिम माशीच्या गळाला लागलेला 33 पौंडांचा स्टीलहेड आजही आदराने आठवला जातो. त्यामुळे तीस पौंडांचा दावा करणारे छायाचित्र पुढे आले की जाणकार आधी मोजमाप विचारतात. या संशयाला अनेकजण मत्सर म्हणतात. परंतु त्याला भूमितीचा आणि अंकगणिताचा भक्कम आधार आहे.

कॅमेऱ्यात वस्तूचा दिसणारा आकार तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मासेमाराचा चेहरा कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर असेल आणि त्याने हात लांब करून मासा नव्वद सेंटीमीटरवर आणला असेल, तर चेहऱ्याच्या तुलनेत मासा सुमारे पावणेदोन पट मोठा दिसतो. विस्तृत दृश्यकोनाच्या भिंगामुळे, जे आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये असते, कॅमेरा अगदी जवळ नेता येतो आणि हा फरक आणखी वाढतो. यात खोटेपणा असलाच पाहिजे असे नाही, कारण निसरडा, वळवळणारा मासा अंगापासून दूर धरणे स्वाभाविकच असते. जाणकार मात्र माशाकडे पाहण्याआधी त्याला धरणारी बोटे पाहतात. ती चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य दिसत असतील, तर मासाही तितकाच फुगलेला असतो.

छायाचित्रावरून लांबीचा अंदाज बरोबर आला तरी वजनाचा येत नाही, कारण वजन मुख्यतः घेरावर ठरते. प्रचलित सूत्रानुसार इंचांतील घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात आणि 750 ने भागतात. काहीजण 800 ने भागतात. छत्तीस इंच लांब आणि अठरा इंच घेराचा मासा या हिशेबाने साडेपंधरा पौंडांचा ठरतो, तर तेवढ्याच लांबीचा पण वीस इंच घेराचा मासा एकोणीस पौंडांच्या पुढे जातो. एका बाजूने काढलेल्या चित्रात हा दोन इंचांचा फरक दिसतच नाही.

मासा कोणत्या प्रकारचा आहे, हेही चित्रावरून नेहमी कळत नाही. रेनबो ट्राउटचा 48 पौंडांचा जागतिक विक्रम 2009 साली कॅनडातील डिफेनबेकर जलाशयात नोंदला गेला. तो मासा मत्स्यपालन केंद्रातून निसटलेल्या, गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या वंध्य माशांपैकी असल्याचे मानले जाते. अशा माशाची शक्ती अंडी किंवा शुक्रपेशी तयार करण्यात खर्च होत नाही, म्हणून तो वाढतच राहतो. समुद्र न पाहिलेल्या या माशाचा आकडा स्टीलहेडच्या दाव्याला आधार म्हणून वापरणे सर्वस्वी चुकीचे आहे.

मग मासा तराजूवर का ठेवत नाहीत? याचे उत्तर स्टीलहेडच्या आजच्या अवस्थेत आहे. ब्रिटिश कोलंबियात प्रत्येक जंगली स्टीलहेड सोडून द्यावा लागतो, आणि वॉशिंग्टन राज्यात सोडून द्यावयाचा असा मासा नदीच्या पाण्याबाहेर पूर्णपणे उचलणेही बेकायदेशीर आहे. थॉम्पसन नदीतील स्टीलहेड तर इतके घटले की कॅनडाच्या वन्यजीव समितीने 2018 साली तातडीने आढावा घेऊन ते संकटग्रस्त ठरवले. पाण्याबाहेरच्या काही क्षणांचे मोल किती, हे रेनबो ट्राउटवरील 1992 सालच्या कॅनडातील एका प्रयोगातून दिसते : प्रयोगशाळेत दमवलेल्या, पण हवेत न काढलेल्या माशांपैकी 88 टक्के जगले, तीस सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 62 टक्के आणि एक मिनिट ठेवलेल्यांपैकी केवळ 28 टक्के. नदीतील परिस्थिती प्रयोगशाळेहून वेगळी असली, तरी पुराव्यासाठी मासा उचलून धरण्याचा मोह किती महाग पडू शकतो, याची ही गंभीर सूचना आहे.

म्हणून संशय आकड्यावर घ्यावा, माणसावर नव्हे. ज्याला वजन सांगायचे आहे त्याने मासा पाण्यातच ठेवून मोजपट्टीने लांबी आणि घेर घ्यावा. ते जमले नाही, तर मोठा मासा मिळाला एवढेच सांगावे. ऐकणाऱ्यांनीही अधिक ठसठशीत छायाचित्राचा आग्रह धरू नये, कारण त्याची किंमत माशाला मोजावी लागते.