काळी मेंदी : केसांचा रंग आणि त्वचेचे रक्षण

पालित्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास आज औषधापेक्षा रंगाची घाई अधिक असते. ही घाई हेरूनच 'हर्बल काळी मेंदी' या नावाची चूर्णे बाजारात आली आणि त्यांपैकी काही आपल्याच औषधालयांत विक्रीस असतात. म्हणून त्यांतील घटकांचा विचार आपण करणे अगत्याचे आहे.

मेंदीच्या पानांतील रंजकद्रव्य म्हणजे लॉसोन. ते केसांतील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाऊन नारिंगी-तांबूस छटा देते. काळा रंग देण्याची शक्ती त्यात नाही. मेंदीनंतर नीलीच्या पानांचा लेप दिल्यास केस काळसर होतात, परंतु त्यास दोन टप्पे व काही तास लागतात. याउलट, केवळ पाण्यात कालवून अर्ध्या तासात गडद काळा रंग देणाऱ्या चूर्णात पॅराफेनिलीनडायअमीन (पीपीडी) व बेरियम पेरॉक्साइडसारखे ऑक्सिडीकारक द्रव्य असण्याचा संशय घ्यावा.

पीपीडीचा रेणू लहान असतो. तो केसात शिरतो आणि तेथे ऑक्सिडीकरण होऊन मोठे रंगीत रेणू तयार होतात. म्हणूनच रंग टिकतो. याच लहानपणामुळे तो त्वचेतही सहज उतरतो. तेथील प्रथिनांशी त्याचा संयोग झाला की काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारपेशी सिद्ध होतात. हे घडेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी रंग लावल्यावर एक ते तीन दिवसांत कंडू, दाह, स्राव व सूज उद्भवते. "इतकी वर्षे लावतो, कधी त्रास झाला नाही," हे रुग्णाचे म्हणणे म्हणूनच निदानात ग्राह्य धरू नये.

लक्षणे टाळूपेक्षा कपाळाची केसरेषा, कान, मान व पापण्यांवर अधिक दिसतात. त्यामुळे विसर्पाचा किंवा नेत्ररोगाचा भास होतो. अशा वेळी केस केव्हा रंगविले, हा प्रश्न अवश्य विचारावा. पीपीडीची अॅलर्जी असलेल्यांना बेन्झोकेनसारखी बधिरीकरणाची औषधे व कापडांतील काही रंगही बाधू शकतात.

अमेरिकेत 1933 साली पीपीडीयुक्त रंग पापण्यांस लावल्याने अंधत्व आल्याची घटना घडली. आपल्याकडेही अशा रंगांच्या वेष्टनावर पूर्वचाचणीची सूचना आणि भुवया-पापण्यांस न लावण्याचा इशारा असणे कायद्याने आवश्यक आहे. युरोपीय संघात केसांना प्रत्यक्ष लावावयाच्या मिश्रणात पीपीडीची कमाल मर्यादा 2 टक्के आहे.

व्यवहारात आम्ही पुढील गोष्टी सुचवितो :

1. घटकांची पूर्ण यादी नसलेले चूर्ण औषधालयात ठेवू नये.

2. कानामागे वा कोपराच्या आतील बाजूस पूर्वचाचणी सांगावी. प्रतिक्रिया उशिरा येत असल्याने 48 तास वाट पाहणे श्रेयस्कर. चाचणी निर्दोष ठरली तरी ती पुढील काळाची हमी नव्हे.

3. पूर्वी काळ्या मेंदीची नक्षी काढल्यावर त्वचेस त्रास झालेल्यांनी असा रंग टाळावा.

4. त्रास होताच भरपूर पाण्याने रंग धुवावा. त्या त्वचेवर तीक्ष्ण, उष्ण लेप देऊ नयेत. चेहरा सुजल्यास वा श्वासास अडथळा वाटल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

रुग्ण 'हर्बल' हा शब्द वाचतो तो आपल्या शास्त्रावरील विश्वासाने. त्या शब्दाआड कृत्रिम द्रव्य विकले गेले, तर अपाय त्वचेला होतो आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो. वेष्टन वाचून मगच हाती देणे, एवढे तरी आपल्या अधीन आहे.