राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला

मुरूडहून दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरी आहे. तिथल्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर, जेमतेम किलोमीटरभर पाण्यापलीकडे जंजिरा दिसतो. यांत्रिक लाँचनंही तिथं जाता येतं, पण शक्य असेल तर शिडाच्या होडीनंच जावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हा किल्ला शेवटपर्यंत कुणालाच का जिंकता आला नाही, हे त्या होडीत बसल्यावर जितकं नीट कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

निघण्याआधी तिथी पाहावी. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याला तिनानं गुणा आणि चारानं भागा, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही वेळ दिवसाला आणि रात्रीलाही लागू पडते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा खाडीच्या पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ती कमी. सकाळी जाणाऱ्याला द्वादशी-त्रयोदशी सोयीची, कारण नऊ-दहाच्या सुमाराला पाणी भरलेलं आणि थबकलेलं मिळतं.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. हिवाळ्यात रात्रभर जमीन निवते आणि पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. किल्ला राजपुरीच्या पश्चिमेला, म्हणजे सकाळी जाताना हा वारा पाठीशी. तो मंद असतो, होडी संथ जाते, पण सरळ जाते. दुपारपर्यंत जमीन तापली की वारा उलटतो आणि वायव्येकडून समुद्रावरचा जोरकस वारा येऊ लागतो. मग परतीची वाट सोपी आणि जायची वाट अवघड.

अवघड म्हणजे काय, ते होडीतच दिसतं. डोलकाठीवर एक लांबलचक काठी तिरपी चढवलेली असते आणि तिला त्रिकोणी शीड बांधलेलं असतं. शिडाच्या मोकळ्या टोकाचा दोर खलाशाच्या हातात, सुकाणू नाखव्याकडे. वारा पाठीशी असला की दोर सैल सोडायचा. शीड फुगतं आणि होडी पुढं ढकलली जाते. वारा बाजूनं आला की दोर ओढून शीड ताणायचं. ताणलेल्या शिडाला बाक येतो, बाकाच्या बाहेरच्या अंगानं वारा जास्त वेगानं वाहतो, तिथला दाब कमी होतो आणि होडी त्या दिशेला खेचली जाते. ही ओढ तिरकी असते; पण होडीच्या तळाचा लांब कणा पाण्याला आडवा येऊन तिला बाजूला सरकू देत नाही, म्हणून बरीचशी ओढ पुढं जाण्याच्या कामी येते.

ऐन समोरच्या वाऱ्यात मात्र हे चालत नाही. दुपारी नाखवा किल्ल्याच्या रोखानं न जाता नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी दक्षिणेला ठेवतो, बराच पुढं जातो आणि मग बाजू बदलतो. त्यासाठी होडी वाऱ्याकडे पाठ करून वळवतात आणि शिडासकट ती तिरपी काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात. दोघं खलाशी पाच-सहा हालचालींत हे उरकतात. तेवढ्यात प्रवाशांना हाक येते, ‘सरका, सरका, वरच्या अंगाला बसा!’ होडी वाऱ्यानं कलते आणि माणसांचं वजन तिला तोलून धरतं. हाक आली की लगेच सरकावं, पण उभं राहू नये. ओहोटीचं पाणी खाडीबाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर लाट आखूड आणि उभी होते. शिंतोडे तेव्हाच अंगावर येतात.

आता किल्ल्याकडे पाहा. तटाच्या भिंती थेट पाण्यातून उठलेल्या. उतरायला वाळू नाही, उभं राहायला खडकाची पट्टी नाही. मुख्य दरवाजा राजपुरीकडेच तोंड करून आहे, तरी दोन बुरुजांच्या कवेत तो असा दडलाय, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो शोधत येणारं गलबत तोवर बुरुजांवरच्या तोफांच्या टप्प्यात आलेलं असे. शिवाजीमहाराजांनी जंजिऱ्यावर वचक ठेवायला जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजीमहाराजांनी तर १६८२च्या सुमारास खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाटच बांधायला घेतली होती. होडीतून हे पाणी ओलांडताना त्या कामाची छाती दडपवणारी लांबी लक्षात येते. तरीही जंजिरा तिथल्या सिद्दी राज्यकर्त्यांकडेच राहिला, थेट १९४८ साली संस्थान भारतात विलीन होईपर्यंत.

दरवाजाच्या पायऱ्यांपाशी होडी बांधून ठेवता येत नाही, ती लाटेबरोबर वरखाली होत राहते. उतरण्याची रीत अशी: हात मोकळे ठेवा, लाट होडीला वर उचलेल तेव्हा खलाशाचा हात धरून पाऊल टाका. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. ओहोटीला नेमक्या त्याच वाट्याला येतात. मुलांना आधी खलाशाच्या हाती द्यावं.

आत पाहायला सहसा पाऊण-एक तास मिळतो, आणि तो कमी पडतो. दरवाजावरचं, पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचं शिल्प, कलालबांगडी तोफ आणि चहूकडे खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचे तलाव, एवढं तरी पाहावंच. पश्चिमेच्या तटावरून पद्मदुर्ग दिसतो. जास्त वेळ हवा असेल तर होडीत चढण्याआधीच नाखव्याशी बोलून घ्यावं.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. शुक्रवारी दुपारी नमाजासाठीही काही वेळ फेऱ्या थांबतात. पिण्याचं पाणी बरोबर न्यावं, सुरक्षा-जाकीट मागून घ्यावं आणि परतताना नाळेच्या बाजूला जागा धरावी. दुपारच्या वाऱ्यात शीड पूर्ण उघडतं, आणि त्याचा सगळा आकार तिथूनच नीट पाहता येतो.